एकच रचना, शंभर ध्वनिमुद्रणं: बरोक आणि क्लासिकल वाद्यसंगीत निवडायचं कसं

‘छाया’ (१९६१) मधल्या ‘इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा’ची चाल सलील चौधरींनी मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीवरून (सिंफनी म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना) घेतली, हे कधीतरी कुणीतरी आपल्याला सांगतं. घरी येऊन आपण फोनवर ‘मोझार्ट ४०’ टाकतो आणि पडद्यावर नोंदींची रांग लागते. संपता संपत नाही. एकीत पहिला भाग आठ मिनिटांचा आहे, दुसरीत तीन मिनिटांवर आवाज हळूहळू विझवून टाकलाय. एकीत सूर उंच वाटतो, दुसरीत उतरलेला. मग आपण माहीतगार मित्राला विचारतो, ‘यातलं सगळ्यात चांगलं कुठलं?’ मित्र एका बड्या कंडक्टरचं नाव फेकतो आणि विषय संपतो.

माझी सुरुवात याहून वाईट झाली. रस्त्यावरच्या गाडीवरून घेतलेल्या एका सीडीवर ‘अमर सुरावटी’ छापाचं काहीतरी लिहिलं होतं. वादकाचं नाव नाही, साल नाही. सिंफनीला चार भाग असतात आणि मी ऐकतोय तो पहिल्याचा तुकडा आहे, हे कळायला मला दीड-दोन वर्षं लागली. तेव्हापासून चुकतमाकत जी पद्धत बसली, ती इथे सांगतो. यातली मतं माझी आहेत. ती खोडून काढायला मोकळीक आहे.

व्याप्ती आधी ठरवू. बरोक म्हणजे ढोबळमानाने १६०० ते १७५०: कोरेल्ली, विवाल्दी, टेलेमान, हँडेल, स्कार्लात्ती, बाख. ‘क्लासिकल’ हा शब्द आपण सगळ्याच पाश्चात्त्य अभिजात संगीताला लावतो, पण इथे तो त्यानंतरच्या पन्नाससाठ वर्षांपुरता घ्यायचा: हायडन, मोझार्ट आणि तरुणपणचा बेथोव्हन. गाणं सोडून फक्त वाद्यं.

पायरी १: रचना आकड्यात लिहून काढा

‘विवाल्दीचा व्हायोलिन कॉन्चेर्टो’ (एकटं व्हायोलिन पुढे, ऑर्केस्ट्रा साथीला) शोधणं म्हणजे सदाशिव पेठेत ‘जोशी कुठे राहतात’ विचारणं. विवाल्दीचे असे दोनशेहून जास्त आहेत. म्हणून प्रत्येक संगीतकाराच्या रचनांना सूचीक्रमांक दिलेले आहेत, आणि शोधताना तोच टाकायचा.

बाखच्या रचनांना बीडब्ल्यूव्ही क्रमांक असतो. ती सूची श्मीडर यांनी १९५० मध्ये काढली. मोझार्टला ‘के’ लागतो. तो क्योखेल यांचा, १८६२ च्या सूचीतला. विवाल्दीला आरव्ही, हँडेलला एचडब्ल्यूव्ही. हायडनच्या सिंफनी साध्या अनुक्रमांकाने सापडतात आणि क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांच्या रचना, ओपस (प्रकाशनाच्या) क्रमांकाने. एक खड्डा लक्षात ठेवा: स्कार्लात्तीच्या ५५५ सोनाटांनाही (एकट्या हार्प्सिकॉर्डसारख्या कळवाद्याच्या रचना) ‘के’च लागतो, पण तो कर्कपॅट्रिक यांचा. त्यामुळे ‘के. ४६६’ म्हणजे मोझार्टचा डी मायनर पियानो कॉन्चेर्टोही असू शकतो आणि स्कार्लात्तीची छोटी सोनाटाही.

‘अलेग्रो’, ‘लार्गो’, ‘अदाजिओ’ ही रचनेची नावं नव्हेत, लयीच्या सूचना आहेत. ‘अलेग्रो’ शोधून काही सापडणार नाही, किंवा सगळंच सापडेल. आणि लोकप्रिय नावांवर फार विसंबू नका. ‘अल्बिनोनीचा अदाजिओ’ म्हणून जे लग्नाच्या व्हिडिओपासून चित्रपटापर्यंत सगळीकडे वाजतं, ते विसाव्या शतकातल्या रेमो जाझोत्तो यांचं काम आहे आणि १९५८ मध्ये छापलं गेलं. ऐकायला गोड आहे, पण त्यावरून बरोकचा अंदाज बांधू नये.

कधी कधी एकाच क्रमांकाखाली दोन आवृत्त्या असतात. चाळिसावी सिंफनी (के. ५५०, १७८८) मोझार्टने आधी क्लॅरिनेटशिवाय लिहिली आणि नंतर क्लॅरिनेट घालून पुन्हा मांडली. पहिलीत ओबोची (सनईच्या जातीचं वाद्य) धार जाणवते, दुसरीत कडा मऊ होतात. तुम्हाला आवडलेलं रेकॉर्डिंग आणि मित्राने सुचवलेलं यांत ‘काहीतरी वेगळं’ वाटत असेल, तर कारण इतकं साधं असू शकतं.

पायरी २: वाद्यं कुठल्या काळची?

हा सगळ्यात मोठा फाटा. इथे चूक झाली तर पुढची निवड वाया जाते, म्हणून जरा थांबू.

अठराव्या शतकातलं व्हायोलिन आणि आजचं व्हायोलिन दिसायला सारखं असलं तरी जुन्याच्या तारा तातेच्या असत. तात म्हणजे आपल्या सारंगीला लागते तीच, आतड्याची. धातूच्या तारेपेक्षा तिचा आवाज कमी मोठा, थोडा खरखरीत आणि जास्त ‘बोलका’ असतो. गजही निराळा: टोकाकडे हलका, त्यामुळे प्रत्येक आघात सुरू होऊन आपोआप ओसरतो. आजच्या गजाने आवाज एकसारखा लांबवता येतो. हॉर्न आणि ट्रंपेटना तेव्हा झडपा नव्हत्या. काही सूर वादकाला ओठांच्या ताकदीवर ओढूनताणून काढावे लागत आणि ती ओढाताण ऐकू येते.

मग हार्प्सिकॉर्ड. कळ दाबली की पिसाच्या दांडीचा तुकडा तार छेडतो. बोट हळू पडो की जोरात, आवाज तेवढाच. पियानोत हातोडी तारेवर आपटते, म्हणून तिथे हलकं आणि जोरकस दोन्ही करता येतं. हार्प्सिकॉर्डवादकाला जोर देता येत नाही, उशीर करता येतो: महत्त्वाचा सूर तो केसभर थांबून वाजवतो. हे एकदा कानात बसलं की ‘हार्प्सिकॉर्ड म्हणजे नुसती खडखड’ ही तक्रार बरीच कमी होते. मोझार्ट-हायडनच्या वेळचा पियानो, ज्याला आज फोर्टेपियानो म्हणतात, तो या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतो: लाकडी सांगाडा, कातडं लावलेल्या छोट्या हातोड्या, पटकन विरणारा सूर.

पट्टीचाही प्रश्न आहे. आजचे ऑर्केस्ट्रा ‘ए’ हा सूर साधारण ४४० हर्ट्‌झला लावतात, म्हणजे हार्मोनियमची पांढरी सहा. जुन्या वाद्यांवर बरोक वाजवणारे बहुतेक जण तो ४१५ ला लावतात. पेटीवर ती काळी चार झाली, पुरा अर्धा सूर खाली. म्हणजे बाखची जी मेजरमधली रचना आधुनिक चेलोवर (व्हायोलिनचा मोठा, खर्जातला भाऊ) पांढरी पाचच्या षड्जाने वाजते, तीच जुन्या चेलोवर काळी तीनवर बसते. मोझार्टच्या काळासाठी ४३० च्या आसपासची पट्टी जास्त दिसते. दोन रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकून दुसरं ‘मरगळलेलं’ वाटलं, तर आधी पट्टी तपासा. पाच मिनिटं मध्ये जाऊ द्या आणि पुन्हा ऐका. बऱ्याचदा मरगळ नाहीशी होते.

ही जुनी वाद्यं काचेच्या कपाटातून परत मैफलीत आणणारी माणसं म्हणजे व्हिएन्नातले निकोलाउस हार्नोनकोर्ट आणि त्यांचा १९५३ मध्ये स्थापन झालेला कोन्चेंटुस मुझिकुस हा वादकसंच, नेदरलँड्समधले हार्प्सिकॉर्डवादक गुस्ताव लेओनहार्ट, आणि १९७० च्या दशकापासून इंग्लंडमधले ख्रिस्तोफर हॉगवुड आणि ट्रेव्हर पिनक. मुखपृष्ठावर ‘पीरियड इन्स्ट्रुमेंट्स’ किंवा ‘ओरिजिनल इन्स्ट्रुमेंट्स’ लिहिलेलं असेल, तर ही परंपरा समजायची. तिसरी एक वाट आहे: वाद्यं बहुतांशी आधुनिक, पण वाजवण्याची ढब जुनी. चार्ल्स मॅकेरास यांनी स्कॉटिश चेंबर ऑर्केस्ट्राबरोबर केलेल्या मोझार्टच्या शेवटच्या सिंफनी या वाटेवरच्या आहेत. माझ्या मते नवख्यासाठी हीच वाट सगळ्यात सोपी.

जुन्या वाद्यांची बाजू घेणारे आणि आधुनिक वाद्यांची बाजू घेणारे यांच्यात एके काळी घराण्यांसारखी भांडणं झाली. आज त्यातली धग गेली आहे. तुम्ही त्यात पडू नका. फक्त आपण काय ऐकतोय ते माहीत असू द्या.

आणखी एक गोष्ट आपल्या कानाला जवळची आहे. ‘पाश्चात्त्य संगीत कागदावर लिहिलेलं, म्हणून सगळे तेच वाजवतात’ हा समज बरोकबाबत निम्माच खरा. साथीच्या हार्प्सिकॉर्डला फक्त खर्जाची ओळ आणि तिच्या वरखाली काही आकडे लिहून दिलेले असत; बाकीचं वादकाने जागच्या जागी भरायचं. संथ भागात मुख्य ओळही पुष्कळदा उघडीबोडकी लिहिलेली असे आणि अलंकार वादकाचे. याला आपली बढत म्हणू नये, मोकळीक फारच कमी आहे. पण दोन रेकॉर्डिंगांत सूर वेगळे ऐकू आले तर कुणी चुकलं असं समजायचं कारण नाही.

पायरी ३: माणसं किती?

हे थोडक्यात. बाखच्या तिसऱ्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टोत (बीडब्ल्यूव्ही १०४८) तीन व्हायोलिन, तीन व्हिओला (व्हायोलिनहून जरा मोठं आणि खालच्या सुराचं), तीन चेलो आणि खाली खर्ज व हार्प्सिकॉर्ड एवढंच लिहिलंय. म्हणजे अकरा माणसांत काम होतं. मोठ्या ताफ्याने वाजवलं की आवाज भरदार होतो, पण तिसरं व्हायोलिन पहिल्याच्या तोंडचा घास कसा पळवतं ते कळत नाही. आणि या रचनेची सगळी मजा त्या पळवापळवीत आहे. कार्ल रिश्टर यांचं म्युनिकचं रेकॉर्डिंग (१९६७) आणि पिनक यांचं ‘इंग्लिश कॉन्सर्ट’ या संचाबरोबरचं (१९८०च्या दशकाची सुरुवात) लागोपाठ लावा. फरक सांगावा लागणार नाही. राइनहार्ड गोबेल आणि मुझिका अँटिक्वा क्योल्न यांची लय इतकी सुसाट आहे की काहींना ती चेष्टा वाटते. मला ती वर्षातून एकदा हवीहवीशी वाटते.

पायरी ४: मिनिटं वाचा

वाजवून बघण्याआधी कालावधी बघा. तो बरंच सांगून जातो.

या काळातल्या बहुतेक भागांचे दोन तुकडे असतात आणि प्रत्येक तुकडा पुन्हा वाजवायची खूण असते. काही वादक ती पाळतात, काही नाही. बाखचे गोल्डबर्ग व्हेरिएशन्स (बीडब्ल्यूव्ही ९८८, प्रकाशन १७४१) हे ठसठशीत उदाहरण: सुरुवातीला एक संथ आरिया, म्हणजे गाण्यासारखी धून, मग तिच्या खर्जावर बांधलेली ३० रूपं, शेवटी पुन्हा आरिया. ग्लेन गूल्डने १९५५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ते वाजवलं तेव्हा ३८ मिनिटांत संपवलं, कारण पुनरावृत्ती गाळल्या आणि लय तुफान धरली. १९८१ मध्ये त्याच स्टुडिओत त्याने ते पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. तेव्हा ५१ मिनिटं लागली. सगळ्या पुनरावृत्ती पाळणाऱ्यांचं रेकॉर्डिंग सव्वा तासाच्या आसपास जातं.

सव्वा तास जास्त वाटेल. पण चांगला वादक दुसऱ्या फेरीत तेच वाजवत नाही. एखादी मुरकी घालतो, आतली ओळ वर काढतो. दुसरी फेरी पहिलीची झेरॉक्स असेल, तर ते रेकॉर्डिंग बाजूला ठेवायला हरकत नाही. मी हा निकष कडकपणे लावतो आणि त्यात बरीच मोठी नावं गळतात.

पायरी ५: साल आणि जागा

प्रकाशनाचं साल आणि ध्वनिमुद्रणाचं साल वेगळं असतं. अ‍ॅपवर ‘२०१९’ दिसेल आणि रेकॉर्डिंग १९५८ चं निघेल. खरं साल पुस्तिकेत बारीक अक्षरांत असतं. हे महत्त्वाचं अशासाठी, की साल कळलं की आवाजाची अपेक्षा ठरते. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक सगळं मोनो. त्याआधीचं ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरचं, जिथे एका बाजूला चारेक मिनिटं मावत. त्यात चरचर असणारच. ती चरचर पूर्ण पुसलेली प्रत मिळाली तर सावध व्हा. चरचरीबरोबर वाद्याचा वरचा आवाजही पुसला जातो आणि चेलो गोधडीखालून वाजल्यासारखा होतो.

जागेचा परिणाम सालाइतकाच. दगडी चर्चमध्ये सूर रेंगाळतो. एकट्या व्हायोलिनला ते शोभतं, पण चार ओळींच्या झटापटीत चिखल होतो. अ‍ॅडम फिशर यांनी हायडनच्या सिंफनी ऑस्ट्रियात आयझेनश्टाटच्या एस्तरहाझी राजवाड्यातल्या दालनात ध्वनिमुद्रित केल्या. हायडन ज्या घराण्याच्या नोकरीत होता त्याचंच ते दालन. घुमारा ऐकताच कळतो. मला तो जरा जास्त वाटतो, पण इतिहासाच्या मोहापायी मी तो सहन करतो.

पायरी ६: अडीच मिनिटांची परीक्षा

आता कामाचं. एक छोटा तुकडा घ्यायचा आणि तीन रेकॉर्डिंगांत तोच ऐकायचा. मी नेहमी बाखच्या पहिल्या चेलो सुइटचं (सुइट म्हणजे छोट्या भागांची माळ) प्रेल्यूड, म्हणजे सुरुवातीचा भाग (बीडब्ल्यूव्ही १००७), घ्यायला सांगतो. एकच वाद्य, ४२ मात्रागट, साधारण अडीच मिनिटं. साथीला कुणी नाही, म्हणजे लपायला जागा नाही. बाखच्या हातची प्रत उपलब्ध नाही. त्याची पत्नी आना माग्दालेनाने केलेली नक्कल आहे आणि तिच्यात गजाच्या खुणा संदिग्ध आहेत. कुठले सूर एका गजात घ्यायचे, कुठले तोडायचे, हे प्रत्येक वादकाला स्वतः ठरवावं लागतं.

तीन नावं अशी घ्या. एक, पाब्लो कासाल्स: १९३६ ते १९३९ दरम्यानचं ध्वनिमुद्रण. या सुइट जगाला ऐकवल्या त्या याच माणसाने. मुलगा असताना बार्सेलोनातल्या एका जुन्या दुकानात त्याला त्यांची छापील प्रत सापडली होती. दोन, पिएर फूर्निये, १९६०: आधुनिक चेलो, घोटीव आणि अदबशीर. तीन, आनर बिल्स्मा, १९७९: तातेच्या तारा, जुना चेलो, खालची पट्टी.

आता असं करा. पहिल्या फेरीत काही ठरवू नका, फक्त तिन्ही ऐका. दुसऱ्या फेरीत खर्जाकडे लक्ष द्या: प्रत्येक गटाचा पहिला, सगळ्यात खालचा सूर. तो वादक त्यावर टेकतो का, की सगळे सूर एका मापाने काढतो? टेकला तर एका वाद्यातून दोन आवाज ऐकू येतात, खाली एक माणूस सावकाश चालतोय आणि वर दुसरा बोलतोय असे. तिसऱ्या फेरीत फक्त शेवटचं मिनिट. तिथे एक मोकळी तार तंबोऱ्यासारखी धरून ठेवलेली असते आणि तिच्याभोवती सूर फिरत राहतात. मग अगदी अखेरीस ते अर्ध्याअर्ध्या सुराने वर चढतात. तिथे लय आवळते की सैल सुटते? आवाज वाढतो की वाढल्यासारखा नुसता वाटतो? कासाल्स तिथे डोंगर चढतो. बिल्स्मा बोलता बोलता शिखरावर पोचतो आणि पोचल्याचं त्याला फारसं काही वाटत नाही.

शक्य असेल तर दुसऱ्या कुणाला तरी रेकॉर्डिंग लावायला सांगा आणि नाव न बघता ऐका. नावाचं दडपण केवढं असतं ते २००७ मध्ये जगाला कळलं. जॉयस हॅटो या इंग्लिश पियानोवादिकेच्या नावावर प्रसिद्ध झालेल्या सीडींची समीक्षकांनी भरभरून तारीफ केली होती. त्या प्रत्यक्षात इतर वादकांच्या रेकॉर्डिंगच्या नकला निघाल्या. पकडलं कुणाच्या कानाने नाही. एका श्रोत्याने सीडी संगणकात घातली आणि संगणकाने दुसऱ्याच वादकाचं नाव दाखवलं.

तिघांतला एक ‘हरला’ म्हणून पुसून टाकू नका. मला पहिली तीन वर्षं कासाल्स अजिबात आवडला नव्हता.

पायरी ७: कुठून सुरुवात करावी

विवाल्दीचे चार ऋतू (ओपस ८, प्रकाशन १७२५). ‘वसंत’च्या (आरव्ही २६९) मधल्या भागात गुराखी झोपलाय, वर व्हायोलिन संथ गातंय आणि व्हिओला एकसारखा दोन सूर काढतोय. तो भुंकणारा कुत्रा आहे. विवाल्दीने तो जोरात आणि फाडल्यासारखा वाजवायला सांगितलंय. माझी परीक्षा एकच: कुत्रा भुंकतो की नाही? जुन्या गुळगुळीत रेकॉर्डिंगांत तो शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तोंड दाबून असतो. इटलीच्या जुन्या वाद्यांच्या संचांनी, म्हणजे फाबिओ बिओन्दी यांच्या युरोपा गालान्तेने आणि इल जार्दिनो आर्मोनिकोने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो मोकळा सोडला. नेव्हिल मॅरिनर आणि अ‍ॅलन लव्हडे यांचं १९६९ चं मात्र आधुनिक वाद्यांवरचं असूनही आजही ताजं आहे. जुलियानो कार्मिन्योला यांचं व्हेनिस बरोक ऑर्केस्ट्राबरोबरचं मला सगळ्यात जवळचं: वेग आहे, पण हावरेपणा नाही. ‘शिशिर’चा (आरव्ही २९७) लार्गोही ताडून पाहा. बाहेर पाऊस, आत शेकोटी. काहींचा दीड मिनिटाच्या आत संपतो, काहींचा दोन मिनिटांपुढे जातो. पाऊस तोच.

गोल्डबर्ग. पियानोवर आंद्राश शिफ किंवा मरे पेराया. हार्प्सिकॉर्डवर पिएर आंताई (१९९२). गूल्ड ऐकाच, पण पहिला नको. त्याची छाप अशी बसते की बाकी सगळे चुकीचे वाटायला लागतात, आणि तो वाजवताना गुणगुणतो तेही ऐकू येतं. मूळ रचना वर-खाली दोन कळफलक असलेल्या हार्प्सिकॉर्डसाठी आहे. पियानोच्या एकाच कळफलकावर काही रूपांत दोन्ही हात एकमेकांवर चढतात, हे माहीत असलं की पियानोवादकाची कसरत जास्त आवडते.

हायडन. त्याच्या सिंफनींऐवजी क्वार्टेटपासून सुरुवात करावी असं माझं मत. तातेच्या तारांवर वाजवणाऱ्या क्वातुओर मोझाइकचा ओपस ३३ घ्या आणि त्यातल्या दुसऱ्या क्वार्टेटचा शेवटचा भाग ऐका. रचना संपते, थांबते, पुन्हा सुरू होते, पुन्हा थांबते. टाळ्या कधी वाजवायच्या ते कळूच नये अशी हायडनची खोडी. वादक त्या शांततेत किती वेळ दम धरतात, त्यावर सगळं आहे. सिंफनी हव्याच असतील तर अंताल दोराती यांनी १९६९ ते १९७२ दरम्यान केलेला संपूर्ण संच आहे. तो घेण्याआधी पुढची पायरी वाचा.

मोझार्टचे पियानो कॉन्चेर्टो. के. ४६६ घ्या. क्लारा हास्किल आणि इगोर मार्केव्हिच यांचं १९६० चं रेकॉर्डिंग तिच्या मृत्यूआधी काही आठवड्यांचं आहे. हे माहीत नसतानाही ते काळजाला भिडतं. फोर्टेपियानोवर माल्कम बिल्सन, साथीला जॉन एलियट गार्डिनर आणि इंग्लिश बरोक सोलोइस्ट्स. इथे पियानो ऑर्केस्ट्रावर राज्य करत नाही, त्याच्याशी वाद घालतो आणि कधी कधी हरतोही. आधी हास्किल, महिन्याभराने बिल्सन, असा क्रम मला मानवला.

पायरी ८: विकत घेणं आणि अ‍ॅपची डोकेदुखी

संपूर्ण संचाचा मोह टाळा. दोरातींचा हायडन ३३ सीडींचा आहे. मी तो हौसेने घेतला. पाच-सहा सीडींची गाठ अजून पडलेली नाही. सुटी सीडी घेतली की ती पुन:पुन्हा ऐकली जाते. मुंबईत काळा घोड्याचं ‘रिदम हाउस’ २०१६ मध्ये बंद झालं, आणि उभ्याने चाळत बसायची सोय गेली. आता जुन्या सीडी रद्दीवाल्यांकडे, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत किंवा कुणाचं घर आवरलं जातं तेव्हा मिळतात. सीडी घेतलीत तर पुस्तिका आत आहे ना ते बघा. वादक, वाद्य, पट्टी, जागा, तारीख हे सगळं तिच्यातच असतं. कमी पैशांत नवी हवी असेल तर १९८७ मध्ये सुरू झालेली नॅक्सॉस ही कंपनी याच हेतूने निघाली. अनोळखी नावं बघून तिच्याकडे नाक मुरडू नका. कोदाय क्वार्टेटचे हायडन तिथलेच.

अ‍ॅपवर ऐकत असाल तर सेटिंगमध्ये तीन गोष्टी करा. आवाज आपोआप समान करणारी सोय बंद करा. एक ट्रॅक दुसऱ्यात मिसळणारा क्रॉसफेड बंद करा. आणि दोन ट्रॅकमध्ये खंड पडू न देणारी ‘गॅपलेस’ची सोय चालू आहे का बघा. बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीचा तिसरा भाग अंधारातून कुजबुजत थेट चौथ्यात उघडतो, मध्ये विराम नाही. कार्लोस क्लायबर यांचं १९७४ चं व्हिएन्नाचं रेकॉर्डिंग लावलं आणि नेमकी तिथेच अर्ध्या सेकंदाची फट पडली, की पंगतीत जिलबी समोर येऊन परत गेल्यासारखं होतं.

साधी अ‍ॅप गायक-गाणं-अल्बम या हिशेबाने बनलेली असल्यामुळे त्यांत संगीतकार, कंडक्टर आणि ऑर्केस्ट्रा यांची खिचडी होते. २०२३ मध्ये आलेलं अ‍ॅपल म्युझिक क्लासिकल आणि बर्लिनचं इडाजिओ ही या संगीतासाठी वेगळी केलेली अ‍ॅप आहेत. सूचीक्रमांक टाकला की एका रचनेची सगळी रेकॉर्डिंग एका पानावर दिसतात. पैसे खर्चायचे नसतील तर नेदरलँड्स बाख सोसायटीचे व्हिडिओ यूट्यूबवर फुकट आहेत. बाखच्या सगळ्या रचना ध्वनिचित्रमुद्रित करायचं त्यांनी मनावर घेतलंय, आणि वाद्यं डोळ्यांनी दिसतात हा मोठा फायदा. पायरी २ मधलं सगळं तिथे दहा मिनिटांत समजेल.

हेडफोन भारी नसले तरी चालतील, पण लोकलमध्ये हायडन ऐकू नका. ९४ व्या सिंफनीच्या दुसऱ्या भागात तो मुद्दाम सूर बारीक करत नेतो आणि मग एकदम नगाऱ्यासह दणका देतो. गाडीच्या खडखडाटात बारीक भाग ऐकू येत नाही म्हणून आपण आवाज वाढवतो आणि नंतर कान धरून बसतो.

जमेल तेव्हा प्रत्यक्षही ऐका. मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. गोव्यात तर चर्चच्या शाळांमधून पिढ्यान् पिढ्या व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवली गेली, आणि हिंदी चित्रपटांच्या ऑर्केस्ट्रात तीच मंडळी पुढे बसली. जुन्या गोव्यातल्या माँटच्या टेकडीवरच्या चॅपेलमध्ये मैफली होतात. अशा ठिकाणी हार्प्सिकॉर्ड समोर वाजताना ऐकला तर पहिल्यांदा वाटतं, हा चालू आहे का? खऱ्या दालनात त्याचा आवाज इतका लहान असतो. रेकॉर्डिंगमध्ये माइक जवळ ठेवून तो फुगवलेला असतो. म्हणून घरी हार्प्सिकॉर्ड लावला की आवाजाची कळ नेहमीपेक्षा निम्म्यावर आणा आणि खिडकी लावून घ्या.